एका नाल्यावरची पाच गावं, एकत्र आणायची कशी? (वरच्या गावाला काय द्यायचं?)

वावरातला (यवतमाळ जिल्हा)

राम राम मंडळी. थोडं लांब लिहून राहिलो, चहा घेऊन बसा.

आमचं गाव नाल्याच्या शेवटच्या टोकाला. नाला टेकडीवरून निघतो, पाच गावांच्या शिवारातून येतो अन् आमच्या गावाखाली नदीला लागतो. सगळ्यात वरचं गाव लहान, साठ-सत्तर घरं, बहुतेक कोलाम अन् गोंड, जमीन मुरमाड हलकी अन् वरती टेकडीचं ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान. मधल्या तीन गावांत मध्यम जमीन, कापूस सोयाबीन तूर. आमच्याकडं काळी भारी जमीन, गाव मोठं, पंचायतीचं उत्पन्नही बरं. म्हणजे बाहेरून पाहिलं तर आमचंच सगळं चांगलं.

पण आमच्या सिमेंट बंधाऱ्यात चार वर्षांत एवढा गाळ साचला की उन्हाळ्यात पोरं त्यावर क्रिकेट खेळतात. खोटं वाटत असेल तर या पाहायला, स्टंप रोवलेले आहेत. यंदा जुलैत दोन दिवस झोडपलं तर पाण्याला थांबायला जागाच नाही, ते बंधाऱ्याच्या बाजूनं काठ कापत गेलं अन् माझ्या काकाचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, सोबत घेऊन गेलं. धुऱ्यावरचा निंब माझ्या आजानं लावलेला, तो आडवा. पऱ्हाटीची सहा तासं (कापसाच्या ओळी) उभ्याची आडवी झाली. काका दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं जाऊन नुसता उभा राहिला, काही बोलला नाही, मग निंबाच्या फांद्या तोडायला लागला, म्हणे सरपण तरी होईल.

आमच्या गावानं आपल्या शिवारात दोन उन्हाळे श्रमदान केलं आहे, बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, त्यातली अर्धी जगली. पण माती वरून येऊन राहिली अन् पाणीही वरूनच. आपल्या शिवारात किती खोदलं तरी घर पुसतोय अन् छत गळतंय असला प्रकार. म्हणून आम्ही सात-आठ जण वरच्या गावाला गेलो, म्हटलं टेकडीवर समतल चर (पाणी-माती अडवायला उताराला आडवे) खोदू, दगडी बांध घालू, आमचे पोरं येतील मदतीला, फक्त तीन वर्षं तिथं चराई बंद ठेवा. सगळ्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, अन् शेवटी एक म्हातारे आजोबा म्हणाले, बाबू, पाणी तुझ्या विहिरीत जाईन, माझी गुरं कुठं जातीन?

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही.

तर आता विचारायचं असं की कोणी असं चार-पाच गावांचं मिळून काम केलं आहे का, संस्था रजिस्टर करावी लागते का, पैसा कोणाच्या नावानं ठेवायचा, अन् मेन म्हणजे वरच्या गावाला कोणत्या तोंडानं बोलवायचं. एका गावाचं श्रमदान कसं करायचं ते माहीत आहे, ते सांगू नका प्लीज.

आर्वीकर

भाऊ, तुमच्या त्या आजोबांनी एका वाक्यात सगळा पाणलोट शिकवला तुम्हाला.

आमचा अनुभव सांगतो. २०१६ ला वॉटर कप, म्हणजे पानी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, पहिल्यांदा झाला तेव्हा राज्यातले तीनच तालुके होते, त्यात आपल्या विदर्भाचं वरूड. पुढच्या वर्षी २०१७ ला आमचा आर्वी तालुका आला अन् काकडदरा हे गाव राज्यात पहिलं आलं, ५० लाखांचं बक्षीस. तेव्हा तालुक्यात असं वातावरण होतं की लग्नातली वरात वावरात जाऊन आधी दोन घमेले माती टाकायची अन् मग मांडवात. ४५ दिवस, ८ एप्रिल ते २२ मे, उन्हामुळं रात्री काम, मोटरसायकली ओळीत उभ्या करून त्यांच्या उजेडात चर खोदायचे. आमच्या गावाचा नंबर नाही आला पण मी तेव्हा पहिल्यांदा माझ्या शेजाऱ्याच्या बायकोला, जिच्या घराशी आमचं धुऱ्यावरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं, तिच्या हातून घमेलं घेतलं.

आता खरं सांगतो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर चर बुजत आले. चर बुजणारच, त्यासाठीच तो असतो, माती अडवायलाच खोदतो आपण. पण साफ करायला कोणी गेलं नाही, मी पण नाही. स्पर्धा संपली की उत्साह संपला, अन् दोष स्पर्धेचा नाही आमचा आहे, आम्ही खोदायचं ठरवलं होतं, राखायचं कोणी ठरवलंच नव्हतं. अन् दुसरं तुमच्यासारखंच, स्पर्धा गावागावांत असल्यानं शेजारचं गाव म्हणजे पार्टनर नाही तर कॉम्पिटिशन. त्यांच्या शिवारातून आमच्याकडं पाणी येतं हे दोघांनाही माहीत, पण तेव्हा कोण बोलणार.

एक टेक्निकल सूचना. टेकडीची जमीन खरंच ई-क्लास आहे की वनविभागाची, ते आधी सातबारा काढून पाहा. आमच्या वर्धा जिल्ह्यात तर झुडपी जंगलाची, म्हणजे जुन्या नोंदीतल्या खुरट्या झुडपांच्या जमिनीची, भानगड आहे, २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगल म्हणजे वनच असं सांगितलं, त्यामुळं तिथं कुदळ मारायच्या आधी परवानगी. यवतमाळला झुडपीचा विषय नाही पण वनाची हद्द असतेच. उगाच पोरांवर केस नको.

कोरा_चहा

मी जरा वाकडं बोलतो, राग नका मानू.

आमच्या इकडं बी असंच 'क्लस्टर' केलं होतं एका संस्थेनं, नाव सांगत नाही. सहा गावायची मीटिंग घेतली, मोठा मंडप, जेवण, सगळ्यायले टोप्या. मंग जेसीबी आले अन् नाला खोल केला. खोल म्हंजे किती, तर दोन माणसं एकावर एक उभी राहतीन इतका. वरचा गाळ निघाला, मुरूम निघाला, खाली काया खडक लागला तरी पोकलेन थांबेना कारण बिल तासावर. अन् निघालेली माती कुठं टाकली, तर नाल्याच्या काठावरच ढिगारा करून. पहिल्याच पान्यात सगळी खाली. ज्या लोकायच्या विहिरी नाल्याच्या काठावर होत्या त्यायचं पानी उलटं नाल्यात झिरपलं अन् पुढच्या गावाले वाहून गेलं. आमचं गावच ते पुढचं, म्हंजे खरं तर फायदा आमचाच झाला, तरी सांगून रायलो. वरच्या गावानं आमच्याशी दोन वर्षं बैल-बारदान्याचा व्यवहार बंद केला.

त्या 'क्लस्टर'चा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे. त्यात फक्त गुड मॉर्निंग येते.

तर मिळून काम करा, पन मशीन शेवटी आना. अन् टोप्या वाटू नका.

वावरातला

@कोरा_चहा टोप्यांचा खर्च वाचला, धन्यवाद 😄 पण खोलीकरणाचं बरं झालं सांगितलं, आमच्या उपसरपंचाच्या डोक्यात तेच होतं, त्याचा साळा पोकलेनवाला.

माथा_ते_पायथा

मी पाणलोटाच्या कामात चोवीस वर्षं फिल्डवर काढली, आता घरी बसून नातवाला सांभाळतो. थोडं सविस्तर लिहितो.

रजिस्ट्रेशन: आत्ता करू नका. संस्था काढायची तर सात माणसं, १८६० चा सोसायटी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, धर्मादाय आयुक्तांकडं नोंद, मग दरवर्षी ऑडिट अन् पदाधिकारी बदलला की चेंज रिपोर्ट. पाच गावांत सात पदं वाटताना जी भांडणं होतील त्यात पहिलं वर्ष जाईल. मी असं तीनदा पाहिलं. अध्यक्ष कोण यावर संस्था फुटली, तेव्हा एक दगडसुद्धा रचला गेला नव्हता.

त्याऐवजी प्रत्येक ग्रामसभेत साधा ठराव घ्या, की या नाल्याच्या पाणलोटासाठी आमच्या गावातून दोन बाया अन् दोन माणसं संयुक्त समितीवर. ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा जास्त पंचायतींनी मिळून संयुक्त समिती करायची सोय आहेच, ग्रामसेवकाला वाचायला लावा, तो आधी नाही म्हणेल, मग वाचेल. पैसा ज्या गावात काम त्या गावाच्या खात्यात, समितीकडं फक्त वही. वही महत्त्वाची आहे, कोणी कोणत्या दिवशी किती माणसं पाठवली त्याची. पैशाच्या हिशोबावरून भांडण होतं त्याच्या दुप्पट श्रमाच्या हिशोबावरून होतं, 'आम्ही वीस आलो होतो तुम्ही पाच आले' हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल.

कामाचा क्रम: वरून खाली. टेकडीवर आधी चर, मग ओघळीत दगडी बांध, दगड हातानं रचायचे, मोठे बाहेरून अन् बारके मधात, मधला भाग कडेपेक्षा खोलगट ठेवायचा म्हणजे पाणी मधूनच उतरेल, नाहीतर तुमच्या काकाच्या धुऱ्यासारखं बाजूनं कापत जातं. मग वावरांचं बांधबंदिस्तीचं काम, अन् सगळ्यात शेवटी नाला. लोकं उलटं करतात कारण नाल्यातलं पाणी फोटोत दिसतं, टेकडीवरचा चर दिसत नाही.

गाळ: तुमच्या बंधाऱ्यातला गाळ म्हणजे वरच्या चार गावांची माती आहे हे विसरू नका. 'गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१७ ला आली होती, २०२३ पासून परत चालू झाली, त्यात लहान अन् सीमांत शेतकऱ्याला गाळ वाहून न्यायला एकरी १५,००० च्या मर्यादेत अनुदान, अडीच एकरापर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ३७,५००. तुमचा बंधारा त्यात बसतो का ते तालुक्याला जलसंधारणवाल्यांना विचारा. हिशोब करून ठेवा. एका एकरावर चार इंचाचा थर द्यायचा तर ४०० घनमीटरच्या थोडा वर गाळ लागतो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, तर झाले १४५ ब्रासच्या आसपास. ट्रॉली साधारण ब्रासाची धरली तर १४५ फेऱ्या, एका एकराला! म्हणून सगळ्यांना देऊ म्हणू नका, जमणार नाही.

अन् माझं मत विचाराल तर पहिल्या ट्रॉल्या तुमच्या गावात नाही, वरच्या गावात जाऊ द्या. त्यांच्या मुरमाड जमिनीला तो गाळ सोनं आहे, तुमच्या काळ्या जमिनीला नुसता अजून काळा. वाहतूक लांब पडेल, डिझेल जास्त लागेल, ते तुमच्या गावानं भरावं.

आर्वीकर

@माथा_ते_पायथा काका शेवटचा मुद्दा एकदम बरोबर. आमच्याकडं गाळ नेला तो ज्याच्याकडं ट्रॅक्टर त्यानंच, हलक्या जमिनीवाल्याकडं ट्रॅक्टरच नव्हता.

तलावकाठची (अर्जुनी मोरगाव)

मी थोडी वेगळ्या बाजूनं सांगते, आमच्याकडं नाला नाही, तलाव. मामा तलाव म्हणजे मालगुजारी तलाव, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोलीत गावागावात आहेत, कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. एका तलावाचं पाणी सांडव्यातून दुसऱ्या तलावात, तिथून तिसऱ्यात, अशी माळच असते, म्हणजे तुमच्या पाच गावांसारखंच. १९५१ ला मालगुजारी गेली अन् तलाव सरकारकडं आले, लहान जिल्हा परिषदेकडं, मोठे पाटबंधारेकडं. पूर्वी पार (तलावाचा बांध) कोणी दुरुस्त करायची, तुडूम (पाणी सोडायचं दार) कधी उघडायचं, कोणाच्या बांधीला (धानाच्या वावराला) आधी पाणी, हे गावात ठरलेलं असायचं. मालक बदलला अन् ते ठरलेलं मोडलं.

आमच्या तलावात तीन वाटेकरी. धानवाले म्हणतात दिवाळीच्या आधी पाणी सोडा, धान भरायला आला. ढिवर म्हणतात पाणी ठेवा, मासोळी मोठी व्हायची आहे. अन् गुराढोरांवाले म्हणतात उन्हाळ्यात गुरं कुठं न्यायची. तिघं तीन दिशेला. अन् तलाव अर्धा बेशरम नावाच्या झुडपानं भरलेला, तो कोणाच्याच कामाचा नाही, त्याला गुरं खात नाहीत, त्यात मासोळी राहत नाही.

आम्ही बायांनी बेशरमपासून सुरुवात केली. कारण त्यावर कोणाचं भांडण नव्हतं! उन्हाळ्यात पाणी उतरलं की उपटायचं, मुळापासून, कांडी मोडून फेकली तर तिथंच फुटतो तो, म्हणून वाळवून जाळायचा. दोन्ही हातांना खाज सुटते, आम्ही जुन्या साड्या फाडून हाताला बांधायचो. पहिल्या वर्षी अकरा बाया, सगळ्या ढिवरांच्या, दुसऱ्या वर्षी धानवाल्यांच्या घरच्या पण आल्या. मग जिथून बेशरम काढला तिथं नांगरून पाण्यातल्या मूळच्या वनस्पती लावल्या, दुसऱ्या चांगल्या तलावातून आणून, कारण मासोळीला लपायला अन् अंडी द्यायला तेच लागतं. पावसाळ्यानंतर देशी मासोळी परत दिसली तेव्हा धानवाल्यांच्या घरातली एक काकू मला म्हणाली, चार फूट पाणी राहू द्या बाई तुमच्यासाठी, पण पहिलं पाणी आमचं. असं ठरलं. कागदावर नाही, पण पारीवर उभं राहून ठरलं, अन् दगडावर पेंटनं रेघ मारली आहे, पाणी त्या रेघेखाली न्यायचं नाही.

दादा, तुम्ही मोठ्या कामापासून सुरू नका करू. ज्यावर कोणाचं भांडण नाही असं काहीतरी शोधा. अन् तुम्ही सात-आठ जण गेलात म्हणता, त्यात बाई एकही नसेल. गुरं चारायला कोण नेतं, सरपण कोण आणतं त्या टेकडीवरून? तिला विचारल्याशिवाय चराईबंदी करायला निघाले.

वावरातला

ताई, नव्हती एकही. माफी.

मोहफूल

गडचिरोलीकडून. मेंढा-लेखा गावाचं सगळ्यांना माहीत आहे, २००९ ला सामूहिक वनहक्क (जंगल वापरायचा अन् राखायचा गावाचा हक्क) मिळाला, अठराशे हेक्टर, २०११ ला बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हातात. पण ते एका गावाचं झालं. तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं म्हणजे कोरची तालुका, तिथं नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. प्रत्येक गाव आपल्या जंगलाचा मालक, निर्णय आपल्या ग्रामसभेतच, पण तेंदूपत्त्याचा लिलाव, ठेकेदाराशी बोलणी अशा गोष्टींना सगळे एकत्र. म्हणजे वरची समिती गावाच्या डोक्यावर नाही, गावाच्या खांद्यावर.

अन् तुमच्या जवळचं पाहायचं तर अमरावतीत मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर, अचलपूर तालुका. पायविहीर, उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूर ही शेजारची गावं, वनहक्क मिळाले, उजाड टेकडीवर रोजगार हमीतून चर अन् झाडं. रोजगार हमीतून, हे लक्षात घ्या, लोकांना मजुरी मिळाली. पायविहीरचं सीताफळ मुंबईत जाऊन विकलं गेलं, २०१४ ला जैवविविधतेचा पुरस्कारही आला. ज्या गावात दोन महिने काम नसतं म्हणून लोकं बाहेर जातात त्यांना तुम्ही फुकट श्रमदान कसं मागता? श्रमदान पोट भरलेल्यानं करायचं. वरच्या गावाला जॉबकार्डवर मजुरी, खालच्या गावाचं श्रमदान, असं वाटून घ्या. अन् कोलाम-गोंड गाव आहे तर त्यांचा वनहक्काचा दावा झाला का ते विचारा, झाला नसेल तर कागद भरायला तुमची शिकलेली पोरं पाठवा. ती सगळ्यात मोठी मदत होईल.

पूर्णाकाठचा (दर्यापूर)

इथं सगळे पाण्यासाठी भांडतात, आमच्या खारपाणपट्ट्यात पाणी आहे पण खारं. विहीर खोदली तर ते पाणी देऊन जमीन मरते. म्हणून आम्ही शेततळ्यावर.

पण माझा भाचा ऑस्ट्रेलियात शिकतो ॲग्रीकल्चर, त्यानं एक सांगितलं ते इथं फिट बसतं म्हणून टाकतो. तिकडं लँडकेअर म्हणून शेतकऱ्यांचे गट आहेत. १९८६ ला व्हिक्टोरिया राज्यात सेंट अर्नोजवळ विंजालॉक इथं पहिला गट झाला, राज्य सरकार अन् शेतकरी महासंघ यांनी मिळून ती कल्पना काढली, अन् १९८९ ला तर शेतकऱ्यांची संघटना अन् पर्यावरणवाल्यांची संघटना, जे एरवी एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, ते दोघं मिळून पंतप्रधानाकडं गेले अन् देशभर योजना झाली. कारण काय, तर जमीन खारी व्हायला लागली होती. आमच्यासारखी मुळातली खार नाही. त्यांनी गव्हासाठी अन् मेंढ्यांसाठी वरची झाडं तोडली, खोल मुळांची झाडं जे पाणी ओढून घ्यायची ते आता जमिनीत उतरायला लागलं, भूजल वर आलं अन् सोबत मीठ घेऊन आलं. पण मीठ कुठं फुटलं, तर खालच्या शेजाऱ्याच्या वावरात! झाडं तोडणारा वर, मीठ चाटणारा खाली. एकट्यानं आपल्या वावरात काही केलं तरी उपयोग नाही, वरच्याला झाडं लावायला राजी करावंच लागतं. म्हणून गट.

भाचा म्हणे तिथंही स्वयंसेवक थकतात, तेच चार म्हातारे प्रत्येक मीटिंगला. त्यामुळं बऱ्याच ठिकाणी फोन करणं, कागद लिहिणं यासाठी एक पगारी माणूस ठेवतात, बाकी सगळे फुकट. मला ते पटलं. पाच गावांनी मिळून एका शिकलेल्या पोराला किंवा पोरीला महिन्याला मानधन द्या, वर्षभर. फोन कोण करणार यावरच अर्धी कामं मरतात.

कोरा_चहा

बावा, आमच्या ग्रुपचं गुड मॉर्निंग टाकनाराले मानधन द्यायचं का मंग 😂

चराईचं मात्र कोणी बोलून नाही रायलं. तीन वर्षं गुरं कुठं जातीन? सगळे गाळावर अन् कायद्यावर. आमच्याकडं सोयाबीन काढलं का कुटाराचे, म्हंजे गुरं खातीन त्या भुशाचे, ढीग पडते वावरात, निम्मे लोक जाळून टाकते. तुमच्या गावात किती एकर सोयाबीन हाय?

वावरातला

@कोरा_चहा हजाराच्या घरात असेल. थांबा, डोक्यात आलं. विचारतो गावात.

वावरातला (तीन आठवड्यांनी)

मंडळी, अपडेट.

परत गेलो वरच्या गावाला, या वेळी चार जणी बाया सोबत, माझी आई पण. आम्ही बाहेर समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो अन् त्या आत घरात गेल्या, दीड तास. काय बोलल्या ते सगळं नाही सांगितलं आम्हाला. आई बाहेर आली अन् म्हणाली, पूर्ण टेकडी बंद नाही करायची, तीन तुकडे करायचे, एक बंद दोन चालू, गायकी (गुरं चारणारा) सांभाळेल, अन् बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायला मुभा, गुरं सोडायची नाहीत फक्त. तुकडे कसे पाडायचे ते त्या गावच्या गायकीनं काठीनं जमिनीवर काढून दाखवलं, कुठं उन्हाळ्यातही ओल राहते, कुठं पळसाच्या खाली गवत आधी येतं, त्याला सगळं पाठ. आमच्या इंजिनिअर पोराचा गूगल मॅप त्याच्यापुढं फिका पडला.

कुटाराचं ठरलं. आमच्या गावातून थ्रेशरच्या मागं जे पडतं ते जाळायचं नाही, ट्रॉलीनं वरती. पहिल्या वर्षी वीस ट्रॉल्या कबूल केल्या. दोन जण गुरकावले की आमचं आम्हाला विकता येतं, त्यांचं सोडून देऊ. ट्रॉली भरायला त्यांचे लोक, डिझेल आमचं. गाळ उन्हाळ्यात, पहिल्या सात एकराला, त्यातले पाच एकर वरच्या गावचे. माझ्या काकाचं नाव मी यादीत टाकलं नव्हतं, त्यानं स्वतःच विचारलं नाही.

वनहक्काचा दावा आठ वर्षांपासून अडकला आहे म्हणे, एक नकाशा गहाळ. मोहफूल भाऊ, तुम्हाला मेसेज केला आहे. मधल्या तीन गावांपैकी दोन तयार, एका गावाचा सरपंच म्हणतो आधी बोर्डवर माझं नाव वर लिहा. बोर्डच लावायचा नाही असं ठरवलं, आता तो विचार करून राहिला.

वही घेतली. लाल कव्हरची, दुकानातली सगळ्यात जाड. आजोबांनी स्वतःच्या हातानं पहिल्या पानावर अंगठा लावला, काही लिहिलेलं नसताना, म्हटलं आबा अजून कोरी आहे, तर म्हणे मग लिहाल तेव्हा माझा अंगठा आधीपासून राहू दे.

संक्रांतीनंतर टेकडीवर चराची आखणी करायची आहे. आमच्याकडं पातळी पाहायची ए-फ्रेम आहे बांबूची पण ती वाकली. कोणाकडं हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीनं पातळी पाहायचं साधन) उसना मिळेल का, चार दिवसांसाठी?

आर्वीकर

माझ्याकडं आहे, २०१७ चा. पट्ट्या चांगल्या आहेत, नळी पिवळी पडली, आतलं पाणी दिसत नाही. नवी बारा मीटर पारदर्शक नळी घेऊन ठेवा, मी रविवारी बसनं पाठवतो, कंडक्टर ओळखीचा आहे.

माथा_ते_पायथा

नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, एक बुडबुडा राहिला तर पूर्ण चर तिरपा जातो. अन् मला सांगा कोणत्या तारखेला, नातवाची शाळा असते पण मी येतो.

तलावकाठची

आईला नमस्कार सांगा.